खाऊची वही

५ जानेवारी, सोमवार

सर आज सकाळी हूडपाशी, म्हणजे मी पेशी हाताळते त्या काचेच्या पेटीपाशी, येऊन दोनदा खाकरले. एकदा खाकरले तर नुसता घसा, दोनदा खाकरले तर काहीतरी बोलायचं आहे. "आपल्याकडे पीएच.डी.ची एक जागा मंजूर झालीये," ते म्हणाले. "जाहिरातीचा मसुदा तुम्ही कराल का?" मी म्हटलं, करते. मग ते आणखी थोडा वेळ उभे राहिले, मायक्रोस्कोपवरची नसलेली धूळ रुमालानं पुसली आणि गेले.

अकरा वर्षांत या प्रयोगशाळेला मिळालेली ही दुसरी जागा. पहिली आली तेव्हा बाबा अंथरुणाला खिळले होते, त्यामुळे माझा प्रश्नच नव्हता. आता बाबा नाहीत आणि मी अडतीस वर्षांची आहे.

मला ती जागा हवी आहे. इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे बोलणार नाही. विषय तर असा की मीच दिला असता. रुग्णाच्या कातडीचा कपचा आमच्याकडे येतो, त्यातल्या पेशींना आम्ही उलटं फिरवून मूलपेशी करतो, म्हणजे पुन्हा तान्ह्या करतो, आणि मग त्यांना हळूहळू मेंदूच्या पेशी व्हायला शिकवतो. त्या पेशी एकमेकींशी पहिल्यांदा कधी बोलतात, हे शोधायचं आहे. 'आम्ही शिकवतो' असं लिहिलं खरं, पण हात माझे असतात. शोधनिबंधावर सरांचं नाव, आणि आभारात तिसऱ्या ओळीत 'तंत्रसाहाय्य' म्हणून मी.

पण मी मागायला जाणार नाही. अकरा वर्षं डोळ्यांसमोर वावरणाऱ्या माणसाला विचारावंसं वाटलं तर विचारतील. नाही वाटलं तर तेही कळेल.

८ जानेवारी, गुरुवार

मसुदा दिला. नेहमीच्या साच्यातला: एम.एस्सी.ला साठ टक्के, वय तिसाच्या आत. मला छप्पन्न आहेत, म्हणजे मी माझ्याच हातानं स्वतःला दोनदा बाद केलं. सरांनी तो हिरव्या शाईनं रंगवून परत पाठवला. वयाची अट पूर्ण खोडली. साठाचे पंचावन्न केले. खाली वाक्य वाढवलं: 'पेशी प्रत्यक्ष वाढवण्याचा अनुभव गुणांइतकाच ग्राह्य धरला जाईल.' आणि समासात मला उद्देशून: 'आणखी कुठली अट अडचणीची वाटत असल्यास सांगावे.'

मी खाली 'नाही' लिहिलं.

जाहिरात कुणाच्यातरी मापानं बेतलेली दिसते. कुणाच्यातरी भाचीला पंचावन्न पडलेले असणार. क्षणभर मनात भलतंच आलं. पण तसं असतं तर माणूस बोलला नसता का? साडेआठपासून समोरच तर असते मी.

११ जानेवारी, रविवार

खाऊ घालायला गेले. पेशींना सुट्टी कळत नाही, त्यांचं ते गुलाबी पाणी रोज बदलावं लागतं, नाहीतर पिवळं पडतं आणि त्या उपाशी राहतात. सुट्टीच्या दिवशी अख्ख्या इमारतीत माझ्या चपलांचाच आवाज. मी डिशेसशी थोडं बोलते, कुणी ऐकायला नसतं म्हणून. सात नंबरच्या डिशला आज चांगलंच झापलं, कडा फार वेड्यावाकड्या सोडल्या होत्या तिनं.

इन्क्युबेटरशेजारी एक वही टांगलेली आहे. कुठल्या डिशला कधी घातलं ते मी लिहायचं आणि उजवीकडच्या शेऱ्याच्या रकान्यात सरांनी लिहायचं. नव्या माणसांना गंमत वाटते, पण आम्ही तिला खाऊची वही म्हणतो. आठवड्याला एक पान. सर रविवारी संध्याकाळी एकटे येतात, सगळ्या डिशेस बघतात आणि आठवड्याचा शेरा लिहून ठेवतात. मी तो सोमवारी वाचते. आमचं खरं बोलणं तिथेच चालतं. समोरासमोर आलो की दोघांच्याही तोंडात मिठाची गुळणी.

दुपारी ताईचा नेहमीचा रविवारचा फोन. तिला जागेचं सांगितलं.

"मग सरळ जाऊन सांग ना, मला करायचंय म्हणून."

"मी कशाला सांगू? त्यांना दिसत नाही?"

"अगं, त्यांना काय स्वप्न पडणार आहे? पुरुषांना डोळ्यांपुढचा चष्मा सापडत नाही."

"तू नको शिकवूस."

"बरं बाई, नाही शिकवत. जेवलीस का?"

तेवढ्यात तिच्याकडे कुणीतरी दार वाजवलं. 'पाच मिनिटांत करते' म्हणाली. आत्ता सहा वाजलेत.

२० जानेवारी, मंगळवार

जाहिरात लागली. ऑफिसातली आमची शिक्का (खरं नाव कुणी वापरत नाही, हिच्या शिक्क्याशिवाय कागद इकडचा तिकडे होत नाही) सांगत होती, शेवटची तारीख सोळा फेब्रुवारी, सोमवार, संध्याकाळी पाच.

मी अर्ज छापून घरी आणला. नुसता बघायला. पहिलं पान भरलंसुद्धा. नाव, पत्ता, जन्मतारीख. मग 'तातडीच्या प्रसंगी कळवावे अशा दोन व्यक्ती'. पहिली ताई. दुसरीसाठी बराच वेळ पेन धरून बसले. शेजारच्या काकूंचं नाव लिहावं असं मनात आलं, पण त्यांचा नंबर माझ्याकडे नाही, आणि नऊ वर्षांनी आता नंबर मागायला जायचं म्हणजे त्याही घाबरतील. रकाना रिकामा ठेवला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

अर्जांची पहिली छाननी माझ्याकडेच आहे. बत्तीस आले. एकानं मेंदूबद्दल तीन पानं लिहिलीत आणि पेशीबद्दल एक ओळ नाही.

सर दाराशी आले, दोनदा खाकरले. "काही ओळखीचं आलंय का त्यात?"

"नाही सर. सगळे बाहेरचेच."

"सगळेच?"

"हो."

"हं," म्हणाले, आणि बराच वेळ दाराची चौकट धरून उभे राहिले. भाचीनं अजून अर्ज टाकलेला दिसत नाही. मला त्यांचा राग आला, आणि थोडी कीवही. मग कीव आल्याचा आणखी राग.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

शिक्का म्हणाली, "तुला म्हणून सांगते हं. सरांनी कुणालातरी मनात धरलंय. नियमांची फाइल दोनदा मागून नेली. आणि जाहिरातीत वयाची अट नको म्हणून वरच्यांशी भांडले. ते! आवाज चढवून! मी अकरा वर्षांत त्यांचा आवाज ऐकला नव्हता."

मी म्हटलं, "मला काय करायचंय."

"तुला काहीच नाही का वाटत?"

"मला काय वाटायचंय त्यात?"

मग तिला कुणीतरी बोलावलं.

म्हणजे कुणासाठी तरी ते भांडू शकतात. हे मला माहीत नव्हतं. डबा न उघडताच घरी आणला. रडले. एवढं रडण्यासारखं काय झालंय हे नीटसं सांगता येणार नाही, पण कुणीतरी आपल्यासाठीही एकदा आवाज चढवावा असं फार वाटलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शेवटची तारीख. अर्ज पूर्ण भरून पिशवीत घालून नेला होता. का, ते विचारू नये.

सकाळी वही उघडली तेव्हा ठरवलं, आजपासून शेरे वाचायचे नाहीत. खाऊ घालायला माझी नेमणूक आहे, ते मी करीन. त्यांचं मनोगत वाचायला नाही. मागचं पान न बघताच उलटलं आणि नेहमीसारखं जुन्या गठ्ठ्याबरोबर चिमट्यात अडकवून टाकलं. पोरकटपणा आहे. पण बरं वाटलं.

अकराच्या सुमारास सर आले. खाकरलेसुद्धा नाहीत. "शेरा वाचलात?"

वाचला नाही म्हणायची लाज वाटली. "हो," म्हटलं.

"मग?"

तीन नंबरच्या डिशबद्दल असणार, तिच्यात मधोमध काळपट ठिपका आहे. "माझं काही म्हणणं नाही सर," म्हटलं. "तुम्हाला योग्य वाटेल तसं."

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "नक्की?"

"नक्की."

"ठीक आहे. मी आग्रह करणार नाही."

तीन नंबर दुपारी फेकून दिली.

साडेचारला शिक्काच्या खिडकीपाशी गेले, तिला पंचिंग मशीन मागितलं, ते घेऊन परत आले. पाच वाजले. पिशवीतला अर्ज पिशवीतच. घरी येऊन त्याच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी केली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सर दिवसभर त्यांच्या खोलीतून बाहेर आले नाहीत. त्यांच्या घरी काही वाईट घडलं असेल. विचारलं नाही.

११ मार्च, बुधवार

मुलाखती. सर उमेदवारांना काही विचारण्याआधी मायक्रोस्कोपखाली एक डिश देतात: यातले कुठले पुंजके ठेवाल, कुठले काढून टाकाल? डिश मी मुद्दाम वाईट लावली होती. तांदूळ निवडल्यासारखं असतं ते. हाताला कळतं, सांगता येत नाही. पाच जणांनी ठामपणे चुकीची उत्तरं दिली. सहावी मुलगी डोळा लावून खूप वेळ बघत बसली आणि म्हणाली, "मला सगळे सारखेच दिसतायत. तुम्ही दाखवाल का?" 'तुम्ही' म्हणताना तिनं सरांकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

तिला घेतली. चौकशी केली, ती कुणाची भाची नाही, पुतणी नाही. इथे कुणाला ओळखतसुद्धा नाही. त्रेसष्ट टक्के, वय चोवीस, अनुभव शून्य. मग एवढ्या अटी काढल्या कुणासाठी? सरांच्या माणसानं ऐनवेळी पाय मागे घेतला असणार. बरं झालं. वाईटही वाटलं थोडं, त्यांचा चेहरा बघून.

२५ एप्रिल, शनिवार

नवी मुलगी तीन आठवडे झाले इथे आहे. खूप विचारते, विचारून ऐकतेही. परवा तिनं चेतापेशींचं सगळं पाणी एकदम बदललं आणि महिन्याभराची पेशींची चादर सोलून आल्यासारखी वर तरंगली. मूलपेशींचं सगळं बदलतात, पण चेतापेशींचं निम्मंच बदलायचं; त्यांनी स्वतः पाण्यात सोडलेलं काहीबाही त्यांना लागतं. हे सांगायला मी विसरले होते. अकरा वर्षांत सांगायची वेळच आली नव्हती. ती जिन्यात बसून रडली. मी शेजारी बसले. पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण हातमोजे घातलेले होते.

आज तिला शनिवारी दुप्पट पाणी घालायला शिकवलं, म्हणजे रविवारी सुट्टी मिळते.

"हे चालतं?"

"चालतं. सगळीकडे तसंच करतात. पेशींना काही होत नाही."

"मग तुम्ही दर रविवारी का येता?"

मी म्हटलं, सवय. तिनं मान डोलावली. लहान आहे, पण खोदून विचारत नाही.

९ जून, मंगळवार

आजच लिहायला हवं.

नवीनं दुपारी खाऊच्या वहीचा चिमटा काढला होता. सरांचे जुने शेरे पहिल्यापासून वाचायचे, म्हणजे चुका कळतील, असं तिचं म्हणणं. मी हूडमध्ये होते, पाठ तिच्याकडे. ती मधेमधे मोठ्यानं वाचत होती. 'नऊ नंबर छान.' 'पाच नंबरला बुरशीचा संशय.' मग म्हणाली, "हे डिशबद्दल नाहीये. कुठला अर्ज?"

"कसला अर्ज?"

तिनं वाचलं. पंधरा फेब्रुवारी, रविवार. मी नंतर इतक्यांदा वाचलं की पाठ झालंय:

'उद्या शेवटची तारीख. आपला अर्ज अद्याप आलेला नाही. जाहिरात आपणांस समोर ठेवूनच तयार करून घेतली, हे आपल्या लक्षात आले असेलच. काही कारणाने नको असल्यास तसे कळवावे. मी आग्रह करणार नाही. पण करावा अशी इच्छा आहे.'

शेवटचं वाक्य वेगळ्या पेनानं लिहिलंय. म्हणजे गेले असतील आणि परत येऊन लिहिलं असेल.

नवी वाचता वाचता थांबली. पोरगी हुशार आहे, तिला माझ्याआधी कळलं. "म्हणजे ही जागा..." ती म्हणाली. "तुम्ही अर्ज का नाही केलात?"

"तू का केलास?"

"मी? मला वाटलं, फार तर नाही म्हणतील."

मी तिला म्हटलं, "अर्ज केलास, जागा तुझी झाली. त्यात तुझं काही चुकलेलं नाही. आता ते इन्क्युबेटरचं दार लाव, पेशी गारठतील." मग आत जाऊन बाटल्या धुतल्या. धुतलेल्याच होत्या, परत धुतल्या.

मी मेलीनं वाचलं असं खोटं सांगितलं त्यांना. 'माझं काही म्हणणं नाही' म्हणाले. एवढा माणूस माझ्यासाठी भांडून आला, दोन वाक्यं लिहायला दोनदा आला, आणि त्याला मी सांगितलं, माझं काही म्हणणं नाही. दोन महिने मी त्यांच्या नसलेल्या भाचीवर जळत होते.

१० जून, बुधवार

सरांच्या खोलीत गेले. वहीत लिहिणार होते, पण लिहिलं नाही. दार लोटून गेले.

"सर, पंधरा फेब्रुवारीचा शेरा मी काल वाचला."

त्यांना कळायला वेळ लागला. "काल?"

"हो. तेव्हा वाचला म्हणून सांगितलं ते खोटं होतं. मी रुसले होते."

"रुसला होतात," ते म्हणाले. "कशावर?"

"तुम्ही मला विचारत नाही म्हणून."

हे तोंडातून गेलं आणि मला हुंदका आला. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांचा अर्धा प्यायलेला होता, मग गडबडीनं मागे घेतला आणि दुसरा शोधायला लागले. दुसरा नव्हता.

"मला वाटलं, तुम्हाला माझ्याकडे नको असेल करायला," ते म्हणाले. "तसं असलं तर माणूस तोंडावर बोलत नाही. म्हणून मी पुढे काही..."

"मला हवी होती ती जागा. फार हवी होती."

"आता इथे नाही होणार. मी दीड वर्षानं निवृत्त होतोय, ही माझी शेवटचीच जागा होती, मला आता नवा विद्यार्थी घेता येत नाही."

"माहीत आहे."

त्यांनी तो अर्धा ग्लास टेबलावर ठेवला. मग म्हणाले, त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीची प्रयोगशाळा आहे, आठ तासांच्या प्रवासावर. तिथे याच कामाची जागा निघालीये, महिनाअखेरपर्यंत अर्ज घेतात. वयाचं ती बघणार नाही. घर सोडावं लागेल. इथल्या पेशी सोडाव्या लागतील. "तुम्हाला जर..." ते म्हणाले आणि नेहमीसारखे अडकले.

या वेळी मी त्यांचं वाक्य पुरं व्हायची वाट बघितली नाही. "मी करणार आहे अर्ज," म्हटलं. "मला तुमचं शिफारसपत्र हवंय."

१२ जून, शुक्रवार

सरांनी पत्र दिलं. पाकीट बंद नव्हतं. "वाचून घ्या," म्हणाले, "काही चुकीचं असल्यास सांगा." आणि मी वाचत असताना तिथेच उभे राहिले, पाठ करून.

दोन पानं आहेत. सगळं नाही उतरवत. एके ठिकाणी म्हटलंय: 'पेशी ठीक नाहीत असे या म्हणाल्या की यंत्र काहीही दाखवो, मी प्रयोग थांबवतो. अकरा वर्षांत याचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही.' आणि दुसऱ्या पानावर: 'या पेशी एकमेकींशी प्रथम कधी बोलतात, हा माझ्या सध्याच्या कामाचा मुळातला प्रश्न यांनीच मला चहा पिताना विचारला होता. मी तो माझा म्हणून मांडला. याची नोंद आजवर कुठेही झालेली नाही, म्हणून येथे करतो.'

मला तो चहा आठवतसुद्धा नाही.

"हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत सर," मी म्हटलं.

"नाही?" ते वळले. खरोखरच चक्रावले होते. "अकरा वर्षांत?"

"एकदाही नाही."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

ते इतकं साधं म्हणाले की मला रागावताही येईना. मी पत्र घडी करून पाकिटात ठेवलं. त्यांनी पुढे होऊन पाकिटाचा कोपरा सरळ केला आणि गेले.

घरी आले तेव्हा चार वाजले होते. खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. कुणालातरी वाचून दाखवावं असं इतकं वाटलं की खोलीकडे बघवेना. रविवारची वाट न बघता ताईला फोन लावला. "काय झालं?" तिनं घाबरूनच उचलला. म्हटलं, काही झालं नाही, मध्ये बोलू नकोस, ऐक. आणि पहिल्या ओळीपासून सरांच्या सहीपर्यंत मोठ्यानं वाचलं. दोनदा आवाज गेला, तिथे थांबून परत वाचलं.

संपल्यावर मला वाटलं फोन कटला.

"ताई?"

"आहे," ती म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. "परत वाच."